युनोस रोडस्टर, १९९१ : चारशे पौंडांत काय काय झालं

४ मार्च २०२३, शनिवार

गाडी जानेवारीत घेतली. १९९१ची युनोस रोडस्टर, म्हणजे जपानी बाजारात विकलेली मझ्दा एमएक्स-५. १६०० सीसी, पाच गिअर, कापडी छत. १ लाख ४१ हजार किलोमीटर चाललेली. मी इंग्लंडात डर्बीला राहतो. घरासमोर एका गाडीपुरती सपाट फरशी आहे, वर छप्पर नाही, त्यामुळे काम पावसाच्या मर्जीवर. हत्यारं म्हणजे एक सॉकेट सेट, ट्रॉली जॅक आणि चार स्टँड.

इकडे राहणाऱ्या आपल्यापैकी तिघाचौघांनी ही गाडी घेतली आहे किंवा घ्यायच्या विचारात आहेत. त्यांच्यासाठी या नोंदी. हद्द ठरवून घेतली आहे: चारशे पौंड, आणि ऑगस्टमध्ये आई-आबा कोल्हापूरहून येतील त्याच्या आत. टायर यात धरलेले नाहीत, ते कुठल्याही गाडीला लागतातच.

टर्बो, सायलेन्सर, चिप यातलं काही करणार नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा दाखवली, तेव्हा जपानी मॉडेलचं वजन होतं ९४० किलो. आजच्या स्विफ्टच्या आसपास, आणि तेही मागच्या चाकांवर चालणारी, चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्म्सनी, म्हणजे दांड्यांनी धरलेलं) असलेली गाडी. बॉनेटसुद्धा वजनासाठी ॲल्युमिनियमचं केलं आहे. ज्या माणसांनी किलो-किलो मोजून ही गाडी बांधली, त्यांनी काय बांधलं होतं ते मला आधी अनुभवायचं आहे. बत्तीस वर्षांत जे झिजलं, सुकलं, तुंबलं ते परत जागेवर आणायचं, एवढंच काम.

आज दिसलेले दोष: डाव्या सीटमागचा गालिचा ओला. इंजिनच्या मागच्या बाजूने तेल गळतंय. थंड असताना दुसरा गिअर पडत नाही. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. हँडब्रेक अकरा दात वर येतो. आणि स्टिअरिंग मुकं वाटतं, म्हणजे रस्ता हाताला कळत नाही.

पहिलं काम फुकटात झालं. टायरमधली हवा मोजली: ३४, ३४, ३१, ३६. दाराच्या चौकटीवरच्या जपानी पट्टीवर १.८ लिहिलंय, म्हणजे साधारण २६ पीएसआय. कोणीतरी नेहमीच्या गाडीसारखी हवा भरत आलं होतं. आधीच्या मालकाने १६ इंची चाकं बसवली आहेत, म्हणून मी २८वर थांबलो. त्याच रस्त्यावर, त्याच खड्ड्यांवरून गेलो. गाडी उड्या मारायची थांबली. एका पैचा खर्च नाही. तुम्ही घेतलीत तर सगळ्यात आधी हे करा.

११ मार्च

ओला गालिचा. या गाडीच्या छताचं पाणी दोन्ही बाजूंना सीटबेल्टच्या खांबामागे एका नळीत उतरतं आणि मागच्या चाकापुढे जमिनीवर पडतं. नळी तुंबली की पाणी आत गालिच्यावर येतं, नाहीतर दारांखालच्या पेटीत साठतं आणि तिथून गंज लागतो. इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, त्यामुळे या गाड्या बहुतेक तिथूनच संपतात.

बाटलीने पाणी ओतलं. उजवीकडून सरळ खाली आलं, डावीकडून थेंब नाही. जाड तार घेतली आणि ढकलली. अडकली, जोर केला, "टक्" झालं आणि तार मोकळी गेली. मला वाटलं, साफ झाली. पाणी ओतलं तर ते खाली न येता गाडीच्या आतच कुठेतरी गेलं. नळी वरच्या तोंडापासून निखळली होती.

तारेने हे काम करू नका.

१२ आणि १८ मार्च

दोन दिवस गेले. दोन्ही सीट काढल्या, मागचा गालिचा काढला, खांबावरचं प्लास्टिक काढलं. नळी हाताला लागली, पण वर ढकलायला जागा चार बोटांची. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं नळीभोवती गुंडाळून ती मऊ केली, तेव्हा कुठे जागेवर बसली.

मग योग्य रीतीने साफ केली. गवत कापायच्या यंत्रात असते ती जाड नायलॉनची दोरी घेतली, टोक काडेपेटीने वितळवून गोल केलं, आणि जोर न लावता गोल फिरवत सोडली. सोबत कोमट पाणी. खालून निघालं ते मूठभर: पाइनच्या सुया, शेवाळ, काळा चिखल आणि एक आख्खं मेपलचं बी, पंखासकट.

दारांखालच्या पेट्या स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. सगळीकडे टणक आवाज, फक्त डावीकडे मागच्या चाकाच्या अलीकडे वीतभर जागेत जरा बद्द. छिद्र नाही. आतून मेणाचा फवारा मारला. गालिचा वाळायला घरातल्या हीटरवर तीन दिवस.

डिकी उघडलीच होती म्हणून बॅटरी पाहिली. या गाडीत ती मागे डिकीत असते आणि तिचा वायू बाहेर नेणारी बारीक नळी असावी लागते. नळीच जोडलेली नव्हती, खालच्या पत्र्याचा रंग फुगला होता. खरवडून रंग दिला, नळी जोडली.

खर्च: दोरी ४, मेण १३, नळी ३ पौंड.

२५ मार्च

इंजिनमागचं तेल. सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर बसतो. ठिणगी कधी पडायची ते ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, त्यावरून ठरवतो. त्याच्या दांड्यावर एक ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी असते. ती सुकली की तेल इंजिनच्या पाठीवरून गिअरबॉक्सच्या तोंडापर्यंत उतरतं, आणि खालून पाहणाऱ्याला वाटतं की क्रँकचं मागचं सील गेलं. त्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मला विकणाऱ्याने "मागचं सील गेलंय" म्हणून दीडशे पौंड कमी केले होते.

गुढीपाडव्याला आबांना फोन केला तेव्हा हे सांगितलं. आबांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर काम केलंय. म्हणाले, "रिंगा तीन आण. एक बसवायला, एक फुटायला, एक ठेवायला." तीन मागवल्या, टपालखर्चासकट ६ पौंड.

सेन्सर आणि हेड दोन्हींवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली, म्हणजे परत त्याच कोनात बसेल. एकच बोल्ट आहे, बारा नंबरचा. पण इंजिन आणि मागच्या पत्र्याच्या मधे, इग्निशन कॉइलच्या आड. पाना दिसत नाही, बोटांनीच चाचपायचं. बोल्ट सैल करायला चाळीस मिनिटं लागली. सेन्सर डावी-उजवीकडे हलवत ओढला तेव्हा निघाला.

जुनी रिंग नखाने उचलायला गेलो तर काचेच्या बांगडीसारखी मोडली. दोन तुकडे तळहातावर घेऊन पाहिले: गोल राहिलीच नव्हती, बाहेरून चपटी, आतून चौकोनी धारेची. नवी बसवली, रेघेला रेघ जुळवली, बोल्ट आवळला.

२ एप्रिल

पुन्हा तेल. पहिल्यापेक्षा जास्त.

आबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कोरडी घातलीस व्हय?" कोरडीच घातली होती. सेन्सर काढला, नवी रिंग एका जागी कापली गेली होती. दुसरी रिंग इंजिन ऑइलमध्ये बुडवून, बोटाने खाचेत सगळीकडून चेपून बसवली आणि सेन्सर ठोकला नाही, फिरवत आत सारला. या वेळी वीस मिनिटांत झालं, कारण हाताला जागा माहीत झाली होती. इंजिनची पाठ साफ पुसली आणि गिअरबॉक्सच्या तोंडाखाली पुठ्ठा ठेवला.

८ एप्रिल

पुठ्ठा कोरडा. मागचं सील चांगलं आहे.

आता त्याच सेन्सरचं पुढचं काम. कारखान्यातून इंजिनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, १० अंश पुढे ठेवलेलं असतं. ते १४ केलं की खालच्या आरपीएमला गाडी जरा मोकळी होते. १६००च्या मालकांमध्ये ही जुनी आणि माहितीची युक्ती आहे. बोल्ट ढिला करायचा, सेन्सर किंचित फिरवायचा, टायमिंग लाइटने (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, त्याच्या उजेडात इंजिनच्या पुलीवरची खूण दिसते) बघायचं. वापरलेली टायमिंग लाइट २५ पौंडांना मिळाली, मागे अंश निवडायची चकती असलेली.

काल संध्याकाळ पूर्ण वाया गेली. पुलीवरची खूण सारखी नाचत होती, तरी तिचा मध्य धरून मी सेट केलं. फिरवून आणली तर चढावर इंजिन खडखडायला लागलं. चूक अशी होती: बॉनेटखाली 'डायग्नोसिस' लिहिलेली डबी आहे, तिच्यातले टीईएन आणि जीएनडी हे दोन पिन तारेने जोडावे लागतात. नाही जोडले तर ईसीयू स्वतः टायमिंग मागेपुढे करत राहतो आणि आपल्याला दिसतो तो आकडा खरा नसतो. मी डबी उघडलीच नव्हती.

आज नीट केलं. इंजिन पूर्ण गरम, दिवे आणि पंखा बंद, पिन जोडलेले, इंजिन ८५० आरपीएमच्या आसपास. खूण एका जागी थांबली. चकती १४वर ठेवली, खूण शून्यावर येईपर्यंत सेन्सर सुईभर फिरवला, बोल्ट आवळून पुन्हा तपासलं, कारण आवळताना तो अर्धा अंश सरकतो. तार काढायला विसरू नका. साधं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल भरतो, चढावर खडखड नाही. तुमच्या इंजिनात ऐकू आली तर सरळ १०वर परत या.

फरक सांगायचा तर: तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांवरून ओढताना आधी जी जांभई होती ती गेली. घड्याळ लावून मोजलेलं नाही.

२२ एप्रिल

गिअर. हे काम करताना मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

गिअरचा दांडा खाली एका छोट्या विहिरीत बसतो. तिला तिचं वेगळं तेल असतं. गिअरबॉक्सचं तेल बदललं तरी हे बदललं जात नाही, आणि वरून गळत जाऊन ती कोरडी पडते. तिच्यावर एक लहान रबरी बूट, म्हणजे झाकण असतं. तो फाटला की खालचा गरम वारा आणि आवाज थेट गाडीत येतो. माझ्या डाव्या गुडघ्याला जी ऊब लागायची ती हीच.

गिअरची मूठ फिरवून काढली, मधला कन्सोल काढला, वरचा मोठा बूट, मग खालचा लहान. त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. दांडा वर ओढला. विहिरीच्या तळाला चमचाभर काळं, डांबरासारखं काहीतरी. दांड्याच्या टोकाला नायलॉनचा बुश, म्हणजे कडीसारखं अस्तर असतं, तो अर्धाच होता. उरलेला अर्धा कुठे गेला ते टॉर्च मारल्यावर दिसलं: विहिरीत, चिखलात रुतलेला.

चुंबकाला नायलॉन लागत नाही. चिमटा पोचत नव्हता. अडीच तासांनी बायकोने तिची विणायची सुई दिली आणि म्हणाली, "टोकाला ग्रीस लाव." घट्ट ग्रीसचा गोळा लावून सुई सोडली, तुकडा चिकटून वर आला. दुसरा तुकडाही तसाच. दोन्ही तुकडे जुन्या बुशाला जोडून गोल पूर्ण होतोय ना ते पाहिलं, मगच पुढे गेलो.

सिरिंजने घाण ओढली, ७५डब्ल्यू-९० जीएल-४ तेल साधारण ८० मिली ओतलं. जीएल-४च घ्या. जीएल-५ मधली काही रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना चालत नाहीत. नवा बुश, नवे दोन्ही बूट. उरलेल्या तेलात गिअरबॉक्सचंही बदलून घेतलं, दोन लिटर लागतं.

सुरू न करताच पहिला-दुसरा, पहिला-दुसरा टाकत बसलो. मूठ दोन बोटांनी धरून मनगटानेच गिअर पडतो. मझ्दाचे तोशिहिको हिराई या गाडीचे प्रमुख होते. त्यांचा शब्द होता 'जिन्बा इत्ताई', घोडा आणि स्वार एक. ३५ पौंडांत तो मला हाताला लागला.

६ मे

ब्रेक. डावीकडे ओढण्याचं कारण उजवीकडे होतं. उजव्या पुढच्या कॅलिपरची (पॅड दाबून चाक धरणारा भाग) सरकपिन गंजून जाम होती, म्हणून उजवं चाक कमी धरायचं आणि गाडी डावीकडे जायची. मी आठवडाभर डावंच चाक तपासत होतो. पिना पॉलिश पेपरने घासल्या, ब्रेकच्या रबराला चालतं ते सिलिकॉन ग्रीस लावलं. साध्या ग्रीसने ते रबर फुगतं. पुढचे पॅड नवे घातले.

मागे मात्र मी नुकसान केलं. पॅड काढल्यावर पिस्टन आत ढकलायला शिकंजा लावून आवळला. तो जात नव्हता, मी जोर वाढवला आणि धुळीचं रबर फाटलं. या गाडीत मागचा पिस्टन ढकलून आत जातच नाही. कॅलिपरच्या मागे एक बोल्ट आहे, तो काढला की आत ४ मिलिमीटरच्या एलन-कीचा स्क्रू असतो. तो उलटा फिरवला की पिस्टन आत येतो.

१३ मे

सील किट आल्यावर जोडलं. मागचा ब्रेक असा सेट करायचा: एलन-की सुलटी फिरवत जा, चाक पूर्ण धरलं की तिथून एक तृतीयांश फेरा मागे घ्या. हँडब्रेक आता सहाव्या दातावर. डॉट-४ ऑइल बदललं, जुनं चहासारखं निघालं. चाळीसच्या वेगाने मोकळ्या रस्त्यावर हात सैल सोडून ब्रेक दाबला, गाडी सरळ थांबली. पॅड, किट, ग्रीस, ऑइल मिळून ६० पौंड.

२७ मे

चाकं. १६ इंची चाक टायरसकट बाथरूमच्या काट्यावर ठेवलं: १८.२ किलो. मूळची १४ इंची, साडेपाच इंच रुंदीची चाकं वापरलेली मिळाली, त्यावर १८५/६० आर १४ टायर चढवून तोललं: १२.६. चार चाकांचा फरक २२ किलोंहून जास्त, आणि तोही स्प्रिंगच्या खालचा, गोल फिरणारा. स्टेपनी काढून टाकून जे वजन वाचतं त्याच्याशी याची तुलना नाही.

जुने टायर बघण्यासारखे होते. नक्षी भरपूर शिल्लक, पण बाजूवरचे शेवटचे चार आकडे ३१०९. म्हणजे २००९च्या एकतिसाव्या आठवड्यातले, चौदा वर्षांचे. नख रुतत नव्हतं.

१६ इंची संच १६० पौंडांना गेला, १४ इंची १४० ला आला. टायर २३२, वेगळे. हवा आता पट्टीवरचीच, २६.

माहीत असून मी हे काम मार्चमध्ये केलं नाही, कारण मोठी चाकं दिसायला छान होती. आधी केलं असतं तर बरं झालं असतं. घराच्या कोपऱ्यावरचं पहिलं वळण घेतानाच स्टिअरिंग बोलायला लागलं.

१७ जून

अलाइनमेंट. जवळच्या एका दुकानात नेली, ३५ पौंड दिले. घरी येऊन छापील कागद पाहिला तर फक्त पुढची टो (वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर वळलेली असतात तो कोन) मोजलेली. मागे हातच लावला नव्हता. या गाडीत चारही चाकांचा कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा कल) आणि टो बदलता येतो. पैसे द्यायच्या आधी "चारही चाकं, आणि सीटवर माझ्या वजनाचा भार ठेवून" असं स्पष्ट विचारा. ३५ पौंड गेले.

१ जुलै

दुसरीकडे ९० पौंडांत नीट झालं. त्याआधी दोन आठवडे रोज संध्याकाळी हे कोन ज्यांनी बदलतात त्या सगळ्या कॅम बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारत होतो, डबा ८ पौंडांचा. बाकी सगळे सुटले. मागच्या डाव्या खालच्या आर्मचा एक बोल्ट हलला नाही. पुढे कॅम्बर उणे १ अंश, मागे उणे दीड, टो दोन्हीकडे किंचित आत. मागचं डावं चाक उणे १.१ वरच राहिलं.

तरीही डर्बीहून मॅटलॉकला ए६ ने गेलो तेव्हा गाडी रेषेत जात होती. जड गाडीत एवढा फरक कदाचित कळला नसता.

१२ ऑगस्ट

आतापर्यंतचा खर्च २५९ पौंड, टायर सोडून. त्यातले ३५ वाया. वेळ अंदाजे चौदा दिवस, त्यातले पाच माझ्या चुकांचे.

आई-आबा मंगळवारी आले. आज आबांना घेऊन बक्स्टनपर्यंत गेलो, छत उघडं. ते सुरुवातीला दाराचं हँडल धरून होते, नंतर सोडलं. परतताना अंधार पडला, मी दिवे लावले, बॉनेटमधून दोन्ही दिवे उघडून वर आले तसे ते पुढे वाकून बघायला लागले. "परत एकदा कर," म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी मला गाडी स्टँडवर घ्यायला लावली. पाठीखाली पुठ्ठा घालून आत सरकले. मागच्या डाव्या बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलकेच दोनदा मारलं, कान लावला, मग शेजारच्या सुटलेल्या बोल्टवर तसंच मारलं. "ऐकलास फरक? हा बुशाच्या नळीला धरून बसलाय. तेल पिऊन सुटायचा न्हाई. दोन्ही बाजूंनी कापायला लागंल, बुश नवा घालायला लागंल."

बोल्ट, कॅम वायसर आणि दोन बुश, ४४ पौंड. आज रात्री मागवले. गुरुवारपर्यंत येतील. आबा सव्वीस तारखेपर्यंत इथे आहेत.